दहा बदकं, चपटा टीव्ही आणि आत्याची सायकल

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. सुलोचना आत्या, वय अठ्ठावन्न, काम बिड्या वळणे, मुक्काम आमच्याच घरी, गोंदिया. वेळ: २०१२ सालची बुद्धपौर्णिमा, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. अन्याय करणाऱ्याचं नाव मी लपवणार नाही. पण पहिल्याच परिच्छेदात सांगितलं तर तुम्ही पुढे वाचणार नाही, म्हणून जरा थांबा.

१९९९ मध्ये बाबांनी बाजारातल्या टीव्हीच्या दुकानातून व्हिडिओ गेम आणला होता. करडा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि एक नारिंगी प्लास्टिकची बंदूक. कॅसेटवर छापलं होतं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. (मी मोजले. चौदा निघाले. फसवणुकीविरुद्ध आयुष्यातली पहिली लेखी तक्रार मी तेव्हा केली. वय वर्षं नऊ!) बंदुकीचा गेम एकच होता. पडद्यावर दहा बदकं उडायची, त्यांच्यावर नेम धरून खटका दाबायचा. आम्ही पोरं दोन-तीन पाडायचो. आत्याने हात पुसले, बंदूक घेतली आणि पहिल्याच डावात दहाच्या दहा पाडली. रोज हजार बिड्या वळणारी बोटं ती, थरथरणार कशाला?

तेव्हापासून आमच्या घरी रीत पडली. बुद्धपौर्णिमेला विहारातून यायचं, खीर खायची आणि मग बदकं मारायची. जिंकेल त्याला उरलेली सगळी सुट्टी कूलरसमोरची खाट. मे महिन्यातल्या गोंदियात कूलरसमोरची खाट म्हणजे मंत्रिपद! तेरा वर्षं हे पद आत्याकडे होतं आणि तेरा वर्षं विरोधी पक्षात होता आमचा प्रल्हादमामा. मामा बिरसीचा. तिथल्या विमानतळाच्या कुंपणाकडचं गवत कापतो आणि तेवढ्यावर, आपली नजर पायलटसारखी आहे असं समजतो.

आता मी. तेव्हा बावीस वर्षांचा, बी.ए. झालेला, आणि एका संघटनेत पत्रकं लिहिणारा. सकाळी पाण्याच्या टाकीविरुद्ध, दुपारी बसच्या वेळापत्रकाविरुद्ध. त्या वर्षी स्पर्धेचे नियमही मीच लिहून भिंतीला चिकटवले. नियम चौथा: गतविजेत्याने आधी मारावे, त्याला शून्य आल्यास दुसरा स्पर्धक न खेळता विजयी. (आत्याला शून्य येणार नव्हतंच. पण तीन मुद्द्यांचं पत्रक फारच बोडकं दिसतं हो!)

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी क्रांती केली. जुना डबा टीव्ही त्याच दुकानात देऊन बत्तीस इंची चपटा टीव्ही आणला.

"तो चांगला चालून राहिला होता ना बे. कायले नेला?" बाबा म्हणाले.

"बाबा, डबा टीव्ही म्हणजे मागासलेपण!"

"अन् हा हप्ता म्हणजे काय?"

मी टीव्हीचं खोकं फोडायला घेतलं. चळवळीत सगळ्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

जुन्या टीव्हीला गेम अँटेनाच्या भोकात जोडायचा, एवढंच काम होतं. नव्याच्या पाठीमागे सतरा भोकं! पिवळी वायर मी हिरव्या भोकात घातली. चित्र आलं, पण काळं-पांढरं.

"रंग कुठं गेले?" आत्याने विचारलं.

"आत्या, जुना गेम आहे. असाच असतो."

"काल तं निळं आभाळ होतं वं माय."

अर्ध्या तासाने पिवळी वायर पिवळ्या भोकात गेली आणि आभाळ निळं झालं. मग दुसरं संकट. चित्र पडद्याच्या मधोमध, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. माझं रक्त उसळलं! बत्तीस इंचांचे पैसे मोजायचे आणि दोन्ही बाजूची जमीन काळ्या पट्टीच्या ताब्यात द्यायची? मी रिमोट घेतला, चित्र ओढून ओढून दोन्ही काठांपर्यंत नेलं. पट्ट्या हटल्या. बदकं म्हशींएवढी रुंद झाली.

"हे बदक गाभण आहे का?" मामाने विचारलं.

"मोठं आहे म्हणजे मारायला सोपं," मी ठणकावलं. मग चित्र स्वच्छ करायला उजेड वाढवला, रंग वाढवला, धार वाढवली. धार एवढी वाढली की बदकाच्या पिसापिसावर विटा रचल्यासारख्या दिसू लागल्या. मला वाटलं, हाच विकास!

दोन वाजून दहा मिनिटं. आत्या पुढे आली, पदर खोचला, एक डोळा मिटला. ठक. बदक उडून गेलं. ठक. तेही गेलं. दहा ठक झाले, दहाही बदकं सुखरूप घरी पोचली. शून्य!

आमचं घर निकालाच्या दिवशी पडलेल्या उमेदवाराच्या घरासारखं दिसू लागलं. आत्याने बंदूक उलटीपालटी करून पाहिली.

"पुन्हा मारू दे मले."

"नियम चौथा," मामा म्हणाला आणि चप्पल काढून थेट खाटेवर. "मी खेळतच नाई जी. लिहिलंच आहे तसं!" तेरा वर्षांचा वनवास संपवून त्याने कूलरकडे पाय केले आणि डोळे मिटले. पायलट उतरला!

इथे मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी जबाबदार कार्यकर्ता! मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रश्न खाटेचा नाही. प्रश्न सुरक्षेचा आहे. सहा फुटांवरचं म्हशीएवढं बदक ज्या बाईला दिसत नाही, तिला रस्त्यावरचा ट्रक दिसेल का?"

आत्या रोज वळलेल्या बिड्या सायकलला बांधून कारखान्यात पोचवायची. स्वतः जायची, स्वतः यायची, वाटेत दोन मैत्रिणींकडे चहा प्यायची. त्या सायकलला मी कुलूप लावलं. चाबी खिशात घातली.

"नित्या, माया सायकलीले हात नको लावू."

"तुझ्या भल्यासाठीच आहे."

"माया भल्याचं मले इचारशीन का नाई?"

(अन्याय करणाऱ्याचं नाव नितीन. आता कळलं असेलच.)

दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या बिड्या बाबा नेऊ लागले. बाबा कारखान्यात जाऊन नको तिथे गप्पा मारत आणि आत्याच्या वाट्याचा चहा पिऊन येत. आत्या दारात पाय सोडून बसे. मला वाटलं, डोळ्यांमुळे खचली. म्हणून तिसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. मग तिच्या खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"यांना काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बसा, तुमचे तपासतो."

मी बसलो नाही. कारण मला सत्य सापडलं होतं: डोळे चांगले, तर बंदूक खराब! म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदाराने नकली माल विकला! मी रात्रीतून पत्रक छापलं. ठळक मथळा: "आत्याला न्याय द्या!" सकाळी संघटनेची चार पोरं, एक माईक आणि पुरावा म्हणून गेम नि बंदूक घेऊन, आत्याला माझ्या गाडीवर मागे बसवून आम्ही दुकानावर धडकलो. आत्याला आणलं कारण पीडित व्यक्ती समोर असली की जोर येतो.

दुकानदार माठातलं पाणी पीत होता. त्याने पत्रक वाचलं, बंदूक बघितली आणि विचारलं, "टीवी कौनसा है?"

"नवा. चपटा. बत्तीस इंची!" मी माईकमध्ये.

"माईक हटाओ भैया. डब्बा टीवी फट से चमकता है, ये बंदूक वही चमक देखती है. तुम्हारा चपटा वाला सोच-सोच के दिखाता है. उस पे पूरी फौज ले आओ, एक बत्तख नहीं मरेगी."

माईक चालूच होता. हे वाक्य चौकापर्यंत गेलं.

दुकानदाराने बदलीत आलेल्या जुन्या टीव्हींच्या ढिगातून एक डबा ओढून ओट्यावर ठेवला. (मी ओळखला. आमचाच होता.) गेम अँटेनाच्या भोकात जोडला, मागचं गोल बटन जरा फिरवलं, आणि आलं की निळं आभाळ! बदकं बदकांएवढी. आत्याने भर रस्त्यात पदर खोचला. ठक, ठक, ठक. दहापैकी दहा! पानठेलेवाला टाळ्या वाजवायला लागला, ऑटोवाले थांबले, आणि माझीच चार पोरं ओरडली, "आत्याला न्याय द्या!"

"अन्याय किया किसने?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

आत्याने बंदूक माझ्याकडे रोखली.

मी तिथल्या तिथे कुलपाची चाबी काढून तिच्या हातात दिली. जाहीर माफीही मागितली, माईकवर. वाटलं, संपलं प्रकरण. पण ज्या बाईने तेरा वर्षं खाट राखली, ती एवढ्यावर सोडते होय?

"थांब," ती म्हणाली. "ज्याले बदक दिसत नाई त्यानं रस्त्यावर चालवू नये, हे तूच बोलला ना? घे बंदूक."

"आत्या, ते तेव्हा..."

"घे म्हणते ना!"

मी दोन पाडली. आत्याने हात पुढे केला. चार पोरं, पानठेलेवाला, दुकानदार, सगळे माझ्याकडे बघत होते. मी गाडीची चाबी दिली. आमचा डबा टीव्ही परत घेऊन, तो उचलून मी पायी निघालो आणि आत्या ऑटोत बसून गेली, सायकल सोडवायला आणि मामाला खाटेवरून उठवायला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आत्या रोज सायकलवर कारखान्यात जाते. मी पत्रकं पायी वाटतो. सहा पाडल्याशिवाय चाबी मिळणार नाही असं तिने सांगितलं आहे, आणि नियम लेखी आहे. (अक्षर माझंच, तिने सांगून लिहून घेतलं.) माझा आजवरचा सर्वोत्तम निकाल: चार. पण वाचकहो, यात माझा दोष नाही. चित्र खराब आहे! आमच्या टीव्हीवर बदकाला सावली येते. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ते हिरवं दिसतं. बिरसीला मामाच्या टीव्हीवर चित्र वर सरकतं. मी सोळा घरांत जाऊन सोळा टीव्हींवर मारून पाहिलं, आणि सोळाही टीव्ही सदोष निघाले.

म्हणून माझी तुमच्याकडे थेट मागणी आहे: घरात डबा टीव्ही असेल तर तो भंगारात देऊ नका, येत्या रविवारी माझ्यासाठी चालू करून ठेवा. सतरावा तरी चांगला निघालाच पाहिजे! आणि मला आणायला कोणीतरी गाडी पाठवा.