दहा वर्षांचा तक्ता

शेलूबाजारला हायवेला लागून हुकूमचंद शेटजींचं मोटरी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्या पोटातली जुनी तांब्याची तार काढायची आणि नवी घालायची, याला भरणं म्हणतात. अकरा वर्षं हे काम तांड्यावरची चंदा करत आली. या धंद्यात एक नियम आहे. जुनी तार कापून काढली तरी फेकायची नाही, आधी तिचे वेढे मोजायचे. कारण प्रत्येक मोटर आधी कुठं ना कुठं भरून आलेली असते, कंपनीच्या कागदावरचा आकडा तिला लागू पडेलच असं नाही. वेढे चुकले तर मोटर घुमते, तापते आणि चार दिवसांत पुन्हा जळते. चंदा वेढे मोजायची आणि एका वहीत लिहून ठेवायची: गाव, मालक, तारेची जाडी, वेढे. अकरा वर्षांत तीन वह्या भरल्या.

तिच्या हाताखाली तिचा धाकटा भाऊ राजपाल होता. आयटीआय झालेला. यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात असं त्यानं मोबाइलवर ऐकलं होतं, म्हणून तोही पाचला उठायचा आणि अकरा वाजता दुकानात भिंतीला टेकून झोपायचा.

शेटजींचे गुडघे गेले. दुकान दोघांपैकी एकाच्या नावानं करून द्यायचं त्यांनी ठरवलं आणि निवड सोपवली मुलावर. जिनेश पुण्याला मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात होता. दिवाळीला आला तेव्हा तारेच्या एका गुंडाळीवर रुमाल अंथरून बसला आणि दोघांना म्हणाला की आपापलं व्हिजन लिहून द्या, दहा वर्षांनी स्वतःला कुठं पाहता ते. इतक्या वर्षांत त्यानं या दुकानात एक स्क्रूसुद्धा पिळला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी आपला असावा, असं चंदाच्या मनात आलं.

"इथंच," ती मान वर न करता म्हणाली. "मोटरी इथंच जळतात."

हे उत्तर तिला दिवसभर आवडलं. खरं तर तिला दुकान हवं होतं. पाटीवर आपलं नाव कुठल्या रंगात लिहायचं हेही तिचं ठरलेलं होतं. पण ते मागायचं? ज्याला डोळे आहेत त्याला दिसेलच, असं तिला वाटायचं. तिनं कागद कोराच ठेवला.

राजपालनं रिसोडहून रंगीत तक्ता छापून आणला, वर प्लास्टिकचं आवरण घालून. पहिल्या वर्षी स्वच्छ, आधुनिक वर्कशॉप. तिसऱ्या वर्षी तीन शाखा. सहाव्या वर्षी कारखाना. दहाव्या वर्षी काचेची इमारत आणि तिच्यापुढं कोटातला राजपाल. मुंडकं त्याचं, अंग दुसऱ्याच कुणाचं. जिनेशनं त्या तक्त्याचा फोटो काढून आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि दुकान राजपालच्या ताब्यात दिलं. कागद संक्रांतीला करायचे ठरले. चंदानं तिन्ही वह्या काखेत मारल्या आणि ती तांड्यावर गेली. वह्या कुणी मागितल्याही नाहीत.

हरभरा फुलावर असताना इंझोरीचे भाऊसिंग जीपमध्ये मोटर टाकून आले. राजपालनं तार कापून काढली. तक्त्यात वर्कशॉप स्वच्छ लिहिलेलं, म्हणून ती त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली. मोजली नाही. मग एक व्हिडिओ पाहून अंदाजानं वेढे घातले. मोटर चौथ्या दिवशी जळली. पुन्हा भरली, पुन्हा जळली. तेव्हा भाऊसिंगांनी मोटर दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि शेजारी ठिय्या दिला. जिनेशनं फोनवरून सल्ला दिला की समस्येच्या मुळाशी जा. राजपाल तांड्यावर गेला.

"ताई, वही दे नं."

"कायले? तुह्या तक्त्यात पाय. भाऊसिंगबाची मोटर कोन्त्या वर्षी हाय?"

राजपाल म्हणाला, "थो माणूस दारात बसून राह्यला, ताई."

त्याला तसाच परत पाठवायचं तिच्या मनात होतं. तरी तिनं वही काढून पाहिली; भाऊसिंगांची मोटर तिच्यात होती, चार वर्षांपूर्वीची, तिच्याच हातची. पण पान उलटताना तिच्या मनात भलतंच आलं. या बावळटानं निदान मागितलं तरी होतं. खोट्या अंगावर आपलं मुंडकं चिकटवून का होईना, मला पाहिजे म्हणाला होता. आणि आपण? आपण एक टोमणा मारून घरी आलो. इतके दिवस राजपालबद्दल वाटणारी किळस तिला पहिल्यांदाच स्वतःबद्दल वाटली.

वही त्याच्या हाती न देता ती स्वतः निघाली. दुकानात शेटजी खुर्चीवर होते, फोनवर जिनेशचं बोलणं अजून चालूच होतं.

"शेटजी, दुकान मले पाह्यजे," ती म्हणाली. "कागद माह्या नावानं करा. मंगच वही उघडतो."

शेटजींनी फोन पालथा ठेवला. "अकरा वर्षात बोलली नाही, बेटा."

"तुमाले दिसन असं वाटलं."

"तू मान वर करून कधी मांगतलं?"

शेटजींनी उंबऱ्यावरच्या मोटरीकडं पाहिलं आणि संक्रांतीला कागद करायला वाशिमला चल म्हणाले. भाऊसिंगांनी तंबाखूची चंची उघडली आणि आता तरी चहा सांगा म्हणाले.

चंदानं भिंतीवरचा तक्ता काढला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर मोटर ठेवली. प्लास्टिकमुळं तारेवर द्यायचं वार्निश खाली सांडणार नव्हतं, तेवढ्या कामाचा तो निघाला. मग तिनं छिन्नी राजपालपुढं सरकवली.

"काप. अन् मोज."

"हे कायले मोजाचे? चुकीचे हायेत."

"चुकीचेच मोज. किती चुकला थे तरी समजन."

तो मोजायला बसला. तीस वेढ्यांच्या आसपास चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.