वकीलबाईंचं तोंड

जतच्या कोर्टात फौजदारी वकिली करणाऱ्या शालूबाईंना तोंड आवरत नाही, हे त्यांचे पक्षकारही मान्य करतात आणि विरोधकही. मुंबईत एखाद्या नटाला अटक झाली किंवा कुणा पुढाऱ्याचा भाचा आत गेला, की सांगलीच्या चॅनेलवाल्यांना पहिली आठवण यांचीच. "आरोपीच्या चेहऱ्यावरून तुम्ही गुन्हा ओळखता," एकदा त्या कॅमेऱ्यासमोरच म्हणाल्या, "मग पोलिसांना पगार तरी कशाला द्यायचा?"

जगानं यावर टाळ्या वाजवाव्यात नाहीतर शिव्या घालाव्यात. माहेरी त्यांची आई बयाबाई मात्र भाकरी थापता थापता एकच म्हणायची, "मेंढरं राखनाऱ्याच्या घरात जल्मली, आन् लांडग्याचं वकीलपत्र घीती."

यंदा गुन्हा थेट माहेरच्या अंगणातच घडला. धाकटा भाऊ इंद्रजित, त्याचा माडग्याळी जातीचा मेंढा सरजा खुंट्यावरून नाहीसा झाला. प्रदर्शनात पहिला आलेला, गळ्यात हार घालून टीव्हीवर झळकलेला, लाखांत मागणी असलेला मेंढा तो! शेजारच्या बिराप्पाशी इंद्रजितचं बांधावरून वाजलेलं होतंच. त्यानं बेलाशक बिराप्पाचं नाव दिलं. पोलिसांनी बिराप्पाला उचललं आणि चॅनेलनं 'मेंढाचोर' म्हणून त्याचा फोटो फिरवूनही टाकला.

बिराप्पाची बायको हरणाबाई रडत शालूबाईंच्या दारात आली. वकीलपत्र घ्यावं तर माहेर तुटणार, न घ्यावं तर आजवर बोललेलं सगळं फुकट. दोन घोट चहा पिऊन त्यांनी वकीलपत्र घेतलं. इंद्रजितचा लगेच फोन आला. "सख्ख्या भावाच्या विरुद्द, आक्का? परत आमच्या उंबऱ्याला पाय लावू नगंस."

कोर्टाबाहेर कॅमेरा वाटच बघत होता. "तक्रारदार माझा पाठचा भाऊ आहे," शालूबाई म्हणाल्या. "तरी सांगते, बांधावरचं भांडण म्हणजे पुरावा नव्हे. खरं ठाऊक असून कुणी गप्प बसलं असेल तर त्यानं यावं. चुकलेल्या माणसालाही वकील लागतो. त्याचंही वकीलपत्र मी घेईन."

संध्याकाळी दारात मोटारसायकल थांबली. पुढं घुम्यासारखा इंद्रजित, मागं बयाबाई. टीव्हीवर लेकीचं बोलणं ऐकून तिनंच त्याला इकडं आणायला लावलं होतं.

"मेंढा म्या सोडलाय," म्हातारी उभ्यानंच म्हणाली. "गेल्या साली सरजानं चारा सोडला, तवा बिरोबाला नवस बोलले हुते, जगला तर तुलाच सोडीन. देवाला सोडलेला मेंढा कुनी इकत न्हाई. आन् ह्यो गिऱ्हाईक बघाय लागला! मग घातला भाच्याच्या टेंपोत, भंडारा लावला आन् देवळाम्होरं दावं काढलं."

इंद्रजित मटकन पायरीवर बसला. "आये, बिराप्पा आत गेला, तवा तरी बोलायचं!"

"तू वरडत हुतास. आन् मला भ्याव वाटलं रं."

शालूबाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. इंद्रजितनं कपाळावर हात मारून घेतला. तक्रार मागं घ्यायला तो ठाण्याकडे निघाला, फाटकाशी थांबला आणि बहिणीकडे न बघताच म्हणाला, "हरणाबाईलाबी संगं नेतो. बिराप्पाचं पाय धरतो. उद्या जेवाय ये, आक्का."

तो जातो न जातो तोच कोपऱ्यावर चॅनेलची गाडी दिसली. बयाबाईनं लेकीचा हात घट्ट धरला. "शाले, आता मला धरत्याल का गं? माजं वकीलपत्र घीनार न्हवं?"

"घेतलं." शालूबाईंनी दाराला कडी घातली. "आता वकिलाचा पयला सल्ला ऐक. कुनाम्होरं तोंड उघडायचं न्हाई."

म्हातारीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"आन् ह्ये मला तू सांगतीस?"