उंदीरमामांवरचा संशय

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर उंदरांची खोली आहे. तिथे एकतीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणतात. खरं नाव फक्त पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला ठाऊक. मामांचा कुणावरही विश्वास नाही. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहतात. दाण्याचं नवं पोतं आलं की आधी नाक लावतात, मग सही करतात. बायको म्हणते, "लग्नाच्या दिवशीसुद्धा यांनी मला नाव विचारून खात्री करून घेतली होती."

अशा माणसावर, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, लबाडीचा आळ आला.

कारण एक औषध. संस्थेतल्या मोठ्या बाईंनी दोन वर्षं खपून भीती कमी करणारं औषध शोधलं होतं. उघड्या, झगझगीत पेटीत सोडलेला उंदीर एरवी कोपरा धरतो. औषध टोचलेले उंदीर मात्र मधोमध हिंडत. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले कोपऱ्यातच राहत. निष्कर्ष छापून आले, बाईंचं कौतुक झालं. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा झाडून सगळे उंदीर कोपऱ्यात.

चौकशीला एक तपासनीस आले. बाईंच्या वह्या त्यांना चोख दिसल्या. वही बाईंच्या हातात, उंदीर मामांच्या. बोट मामांकडे वळलं.

"मामा, दाण्यापाण्यात काही मिसळता का?"

"माझी पिशवी दोनदा तपासलीत," मामा म्हणाले. "तुमची कोण तपासणार?"

"खाई त्याला खवखवे," मागून जोडीदार पुटपुटला. हा मामांच्याच खोलीत काम करणारा दुसरा माणूस. जाड हातमोजे आणि लांब चिमट्याशिवाय पिंजऱ्याला हात न लावणारा.

त्या दिवशी घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्ही खरंच काही केलं नाहीत ना?" मामांचा घास हातातच राहिला. त्या घरात संशय घेण्याचं काम आजवर एकट्या मामांकडे होतं.

सकाळी ते तपासनिसांसमोर उभे राहिले. त्यांचा स्वतःचा संशय बाटल्यांवर होता. "लेबलं काढा. औषध कुठलं, पाणी कुठलं, मला कळता कामा नये. बाईंनाही नको. बाटल्या तुम्हीच भरा."

तपासनिसांनी भरल्या. मामांनी वीस उंदीर टोचून एकेक पेटीत सोडला. सतरा मधोमध हिंडले. मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"वीसही जणांना मिठाचं पाणी होतं," तपासनीस म्हणाले.

मग त्यांनी जोडीदाराला खरं औषध दिलं. त्याने चिमट्याने शेपटी धरून वीस उंदीर उचलले, टोचले, सोडले. एकूण एक कोपऱ्यात.

"आणि तुम्ही कसे उचलता, मामा?"

मामांनी पिंजऱ्यात दोन्ही हात घातले आणि उंदीर ओंजळीत घेतला. "शेपटीला धरून उलटं टांगलं तर मीसुद्धा कोपराच धरीन."

बाकीचं जोडीदाराकडून हळूहळू बाहेर आलं. औषधाचा उंदीर चावला तर आपल्याला काय होईल, या धास्तीने त्याने पहिल्या दिवशीच ते पिंजरे मामांच्या गळ्यात घातले होते आणि पाण्याचे स्वतःकडे ठेवले होते. दोन वर्षं बाई औषध आणि पाणी यांतला फरक मोजत नव्हत्या. त्या ओंजळ आणि चिमटा यांतला फरक मोजत होत्या.

"मामा, हे आधी का नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज चढला.

"विचारलं कुणी? तुम्ही आकडे मागायचात, मी आकडे द्यायचो."

बाईंनी छापून आलेला शोधनिबंध मागे घेतला. मामा निर्दोष असल्याचं तपासनिसांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"तोंडी नको," मामा म्हणाले. "लिहून द्या. दोन प्रती."

पत्रं मिळाली. घरी आल्यावर चष्मा लावून मामांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि बोटाने ओळ न् ओळ ताडून पाहू लागले.

"काही फरक सापडला का?" बायकोने विचारलं.

"अजून नाही," मामा म्हणाले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाले.