रुखवतातले फौजी चिरोटे

माझ्या लग्नात रुखवतापाशी जे झालं, ते आज लिहूनच टाकते... चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन, तासगावजवळचं आमचं गाव, दारात मांडव. वऱ्हाड आलं होतं कोरेगावहून.

रुखवताच्या टेबलावर डाळींचं तुळशीवृंदावन होतं, हातभर करंजी होती आणि मधोमध परातीत आमचे फौजी चिरोटे. हे नाव आमच्या घरापुरतंच. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते आणि शांतिसेनेबरोबर अरबांच्या मुलखात राहून आले होते. तिथं त्यांनी कागदाहून पातळ पापुद्र्यांत फळं भरून भाजलेली मिठाई खाल्ली... मग सुट्टीवर आले की आईच्या मागं लागायचे, तसं करून बघ म्हणून.

आणि आईनं ते जमवलं! बाजेवर आण्णांचं स्वच्छ धोतर अंथरायचं, मळलेला मैदा त्यावर पसरून खालून मुठींनी ओढत न्यायचा, धोतराचा काठ आरपार दिसेपर्यंत. वर तूप, पुन्हा पापुद्रा, आत द्राक्षं आणि गूळ आटवून केलेलं सारण. ओव्हन कुठला आमच्याकडं... वाळूच्या पातेल्यात ठेवायचे आणि झाकणावर निखारे.

आण्णा लढाईत कामी आले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कन्यादान मामा-मामींनी केलं. आई स्वयंपाकघराच्या दाराआड बसून राहिली... कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, तिची तीच बसली. मला त्याचाच जास्त राग आला होता.

जेवणं झाली आणि मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढं आत्याबाई, म्हणजे ह्यांची थोरली आत्या. सगळं घर त्यांच्या धाकात, हे मला मुंडावळ्या बांधायच्या आधीच कळलं होतं.

आत्याबाईंनी एक चिरोटा उचलला, उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाल्या, "ह्ये इकतचं हाय. बेकरीतलं. घरात कुठं असलं व्हतंय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रुखवतात विकतचं मांडलं म्हणजे पोरीला काही येत नाही आणि आईनं काही शिकवलं नाही... सरळ अर्थ.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा कानाशी आला. असू दे, इकतचंच म्हण, म्हणाला. आईनं केलंय म्हणालीस तर परात उचलून बाजूला ठेवतील... रुखवताला विधवेचा हात लागलेला चालायचा नाही त्यांना. मामा वाईट नव्हता हो. पोरीचं लग्न नीट पार पडावं, एवढीच त्याची धडपड.

म्हणजे बघा कसं... विकतचं म्हणायचं आणि आईचे कष्ट बेकरीवाल्याच्या नावावर घालायचे. नाहीतर खरं सांगायचं आणि पहिल्याच दिवशी सासरशी वाकडं घ्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंडावळ्या मागं सारल्या आणि आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"इकतचं न्हाईत. माझ्या आईनं केल्यात, तिच्या हातानं. चालत नसंल तर परातीसंगं मी बी हितंच ऱ्हाते."

हे बिचारे एकदा माझ्याकडं बघतायत, एकदा आत्याकडं. मामानं तर डोक्यालाच हात लावला.

मी थांबले नाही. आत गेले आणि आईचा हात धरून तिला बाहेर आणली. ती नको नको म्हणत होती... पण मीही तिचीच लेक. परातीपाशी नेऊन उभी केली.

आत्याबाईंनी हातातला चिरोटा परातीत टाकला आणि बोटं पदराला पुसली.

आणि तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. सकाळपासून त्या माऊलीच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता, नणंदेसमोर हूं की चूं करायच्या नाहीत म्हणे. त्यांनी नेमका तोच टाकलेला चिरोटा उचलला आणि उभ्याउभ्या खाल्ला. पापुद्रे नव्या लुगड्यावर सांडले, तरी झटकले नाहीत. मग आईकडं वळून म्हणाल्या, "ईनबाई, ह्यो पापुद्रा वढता कसा, मला दावा की."

आईनं दोन्ही मुठी वर केल्या आणि हवेतच ओढून दाखवलं, असं... असं... भर मांडवात, सगळ्यांच्या मधोमध. बायका वाकून बघायला लागल्या आणि बघता बघता परात रिकामी झाली. आत्याबाईंनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. ठीक आहे, त्यांच्यासाठी काही उरलाही नाही.

सासूबाईंचे तेवढे उपकार मी जन्मभर मानले. पुढं साताऱ्यात आमच्या घरी प्रत्येक सणाला आम्ही दोघींनी मिळून ते चिरोटे केले.

आज हे सगळं का आठवलं? दोन वर्षांमागं हे गेले. परवा सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चिरोटे मीच करून नेले होते. एकीनं अगदी गोड आवाजात सुचवलं, काकू, तुम्ही आत बसा निवांत, आम्ही वाटतो...

मी ट्रे घेतला आणि दारातच खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकीला माझ्या हातानं दिला आणि प्रत्येकीला सांगितलं... हे माझ्या आईचे आहेत.