नाताळपर्यंत डबा मिळणार नाही

नवरा, बायको आणि एक चार वर्षांची पोर एवढ्या भांडवलावर नाताळ होत नाही, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी पोरांना गाणी शिकवायचे, तेवढ्यावर जगाला वळण लावायचं काम आपल्याकडेच आलंय अशी माझी पक्की समजूत झाली होती.

आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो ते दिवाळीच्या तोंडावर. ह्यांना रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. बिल्डिंग तिथल्या जुन्या गावातल्याच एका घरची. सरकारनं शेतं घेतली, बदल्यात प्लॉट दिला, त्यावर मुलानं बिल्डिंग उठवली आणि तळमजल्यावर आईला बसवलं. गळ्यात सोनं, कमरेला किल्ल्या आणि तोंडाला कुलूप नाही, अशी ती बाई. सगळे त्यांना आजी म्हणत. आमच्या समोरच्या दारात रत्नागिरीकडच्या काकू. त्यांचा उंबरठा इतका स्वच्छ, की आपली चप्पल त्या दिशेला तोंड करून ठेवायलाही भीती वाटावी.

रस्ते नवे, दिव्यांचे खांब नवे, नळ नवे, तेव्हा इथली माणसंही नवीच असणार, असं मी ह्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मी असं काही बोलले की हे पाणी प्यायला उठत.

दिवाळीत बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांतून फराळ आला. कोणाचा डबा, कोणाचं झाकणाचं पातेलं. आम्ही खाल्लं, भांडी घासली, पुसली आणि मी ती माळ्यावर ओळीनं मांडून ठेवली. का, तर आमच्या गावी तसंच होतं. दिवाळीला हिंदू घरांतून जे भांडं यायचं, ते आमच्या फळीवर नाताळपर्यंत बसायचं, आणि नाताळात आमच्या करंज्या-लाडवांनी भरून आल्या दारी परत जायचं. रिकामं भांडं परत करणं म्हणजे दळभद्रीपणा. त्याबद्दल गावात कोणी कोणाला विचारत नसे. पाटलीणबाईंनी स्वतःचं पातेलं दोन महिने मागितलं नाही म्हणून त्यांचा स्वयंपाक अडला, असंही कधी ऐकलं नाही.

हे सगळं मी कोपरखैरण्यात कोणाला सांगितलं का? छे! दिवस वर आला हे कोणी सांगतं का?

पहिल्यांदा काकूंनी विचारलं. "अगं, तो आमचा डबा..."

"आहे ना काकू," मी गोड हसून म्हटलं आणि दार लावलं. वाटलं, केवढं सूचक बोललो आपण!

मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. मी पाण्याला खाली गेले की बायका एकदम भाजीच्या भावावर बोलायच्या. आजींना मात्र कुजबुजता येत नसे. त्या भर दुपारी खालून ओरडल्या, "गो बाय, माजा डबा हाय का इकून खाल्लास?"

"देऊन टाक ना गं," हे म्हणाले. "वाटलं तर थोडं फरसाण आणतो, ते घालून दे."

"दुकानातलं फरसाण? आपल्या नाताळाचं?"

हे पाणी प्यायला उठले.

डिसेंबर लागला आणि कळलं की ह्यांना सुट्टी नाताळची एकच मिळणार. म्हणजे गावी जाणं नाही. पोरीनं विचारलं, "आई, आपल्याकडे गाणी म्हणायला कोण येणार?" गावी नाताळात ढोलकी आणि टाळ घेऊन मंडळी दारोदार यायची, चुलत्या-मावश्यांनी घर इतकं भरायचं की आपल्याच घरात बसायला जागा नसे. इथे दाराची कडी वाजवणारा एक पेपरवाला, तोही महिन्याच्या महिन्याला. मला रात्रंदिवस एकच धास्ती लागली. नाताळला आपल्या उंबरठ्याच्या आत एकही माणूस आलं नाही तर? पोरीला काय सांगू? आणि गावच्यांनी विचारलं तर कोणत्या तोंडानं उत्तर देऊ?

त्या धास्तीतून मला जी युक्ती सुचली, तिची आजही मला लाज वाटत नाही, फक्त हसू येतं. मी जिन्यात उभी राहून, जवळजवळ दवंडी पिटल्यासारखं सांगितलं, "सगळ्यांचे डबे नाताळला मिळतील. घरी या आणि घेऊन जा. त्याआधी नाही."

मला वाटलं, आमंत्रण किती गोड दिलं! बिल्डिंगला वाटलं, बाईनं आमचे डबे ओलीस ठेवलेत. बरोबर बिल्डिंगच होती.

करंज्या करायला बसले. गावी एकीनं लाटायचं, एकीनं भरायचं, एकीनं कातायचं, आणि थोरल्या जावेनं कढईपाशी बसून सगळ्यांच्या चुका काढायच्या. इथे चारही मीच, आणि चुका काढायला कोणी नाही, म्हणून त्या झाल्याच नाहीत असं मी धरून चालले. पीठ घट्ट झालं. सारण कोरडं झालं. मी मात्र प्रत्येक घाण्याला "वा!" म्हणत होते. ह्यांनी एक खाल्ली, बराच वेळ चावली आणि म्हणाले, "टिकतील."

नाताळच्या सकाळी वाशीला उपासनेला गेलो. पाळकसाहेबांनी शेजारधर्मावर सांगितलं. माझं लक्ष घड्याळाकडे. धावतपळत घरी आलो, सतरंजी घातली, भरलेले डबे खिडकीखाली मांडले, पोरीला नवा फ्रॉक, मला खळीची कडक साडी. दार सताड उघडं ठेवून आम्ही तिघं फोटोला बसल्यासारखी बसलो.

कोणी आलं नाही.

जिन्यातून माणसं जात होती. आमच्या दारापाशी आली की सगळ्यांना स्वतःच्या चपला बघाव्याशा वाटत. चहाचं पाणी दोनदा उकळून आटलं. पोर फ्रॉकची झालर चावायला लागली. दुपार कलली तेव्हा कुठे काकू आल्या आणि उंबरठ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या.

"या ना काकू, आत या. बसा."

"नको गं, घाईत आहे. डबा तेवढा दे."

मी त्यांचा डबा आणला, शिगोशीग भरलेला. त्यांनी झाकण उचकटून पाहिलं.

"हे काढून घे. रिकामा दे."

"रिकामा कसा देऊ? सण आहे आमचा."

"आज माझा गुरुवार आहे."

"मग उद्या खा. करंजीच आहे, पळून जात नाही."

काकूंनी आवाज खाली घेतला. "तसं नाही. तुमच्याकडचं आमच्यात चालत नाही गं. राग मानू नकोस."

गुरुवार खरंच होता, मार्गशीर्षातला. पण दुसरं वाक्यही खरंच होतं. आणि राग मानू नकोस, म्हणे! दिवाळीला यांच्या चकल्या आम्ही खाल्ल्या, तेव्हा त्या चालल्या. देणं चालतं, घेणं चालत नाही. खांब तेवढे नवे होते.

शहाणी बाई असती तर तिनं करंज्या ताटात काढल्या असत्या, डबा हातात दिला असता आणि दार लावून रडून घेतलं असतं. मी म्हटलं, "रिकामा डबा मिळणार नाही."

"अगं, माझा डबा आहे!"

"डबा तुमचा, करंज्या आमच्या."

काकूंनी एक कड धरली, मी दुसरी. आणि सकाळी पाळकसाहेबांनी शेजारधर्मावर जे जे सांगितलं होतं, ते सगळं मी काकूंना डबा ओढता ओढता सांगितलं. हे आतून "अगं, अगं" करत होते, हातात गाळणी. झाकण उडालं. डबा उलटला. करंज्या जिन्यावरून टणाटण उड्या मारत तळमजल्यापर्यंत गेल्या. त्यातली एकही फुटली नाही. कशा झाल्या होत्या ते यावरून समजावं.

सगळ्या मजल्यांची दारं उघडली. जी माणसं सकाळपासून चपला बघत होती, ती आता माना उंच करून माझ्या दाराशी गोळा झाली. तमाशाला आमंत्रण लागत नाही. खालून आजी गुडघे धरत वर आल्या. हातात करंजी.

"कोन दगड मारतंय गो? माज्या पायावर परला."

"दगड नाही आजी, करंजी आहे."

आजींनी ती उलटसुलट करून पाहिली. "खरं सांगतंस?"

मग मला सगळं बोलावं लागलं. गावची फळी, भरून परत जाणारं भांडं, रिकाम्याचा दळभद्रीपणा, सगळं. बोलताना हुंदका आला, तो मी खोकल्यासारखा केला.

"मंग हे तोंडान सांगाला काय झालं व्हतं?" आजी म्हणाल्या. "दोन महिनं मी तुला शिव्या घालतंय."

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

"सन तुजा, रिवाज तुजा. आमाला कसा म्हाईत असंल?" असं म्हणत त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि सरळ आत येऊन सतरंजीच्या मधोमध बसल्या. "चा ठेव. माजे गुडगे परत उतराचे नाय एवढ्यात."

आजी आत गेल्यावर बाकीच्यांनाही जाणं भाग होतं. डबे समोरच दिसत होते. बिल्डरच्या आईशेजारी चहा प्यायला कोण नाही म्हणणार? कोणी करंजी खाल्ली, कोणी रुमालात बांधली, एकानं कपबशीआड सरकवली. घरी नेलेल्यांचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. काकू मात्र जिन्यातूनच परत फिरल्या. त्यांना हवा होता तसा रिकामा डबा मिळाला होता. त्यांचं दार लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागले.

पोरीनं न विचारता गाणं सुरू केलं. तिला एकच कडवं येत होतं, ते तिनं चारदा म्हटलं. आजींनी स्टीलच्या ताटावर ठेका धरला, साफ चुकीचा. शब्बाथशाळेत मी त्या ठेक्यावर कोणालाही बाकावर उभं केलं असतं.

अंधार पडायच्या सुमारास सगळे गेले. सतरंजी चुरगळलेली, कपबश्या घरभर, पोर भिंतीला टेकून झोपलेली.

"झाला बाई तुझा नाताळ," हे म्हणाले. "घर भरलं होतं."

"हो," मी म्हटलं. "पण करंज्यांना चांगलं एकानंही म्हटलं नाही."

हे पाणी प्यायला उठले.