स्टँडवर हललेला फोटो

माझ्या थोरल्या भावाचा माजलगावला फोटो स्टुडिओ होता. तीन महिन्यांपूर्वी तो गेला. भेटायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शेवटपर्यंत पीतच होते ना?" मी नाही म्हणालो. पण ही समजूत गावात पसरली ती माझ्यामुळे, हे त्यांना सांगितलं नाही.

दादा आधी पीत असे, हे खरं. वहिनी एकदा माहेरी निघून गेल्या तेव्हा त्याने सोडली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. सोडल्यावरही बोटांत बारीक कंप मात्र राहिला. फोटोवाल्याला तो लपवता येत नाही. त्या वर्षांत परदेशी माल नुकताच मोकळेपणाने मिळू लागला होता. मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानदाराने दादाला कळवलं की हात हलला तरी फोटो हलू न देणारी लेन्स आली आहे. दादाने ती मागवली.

खोक्यात इंग्रजी पुस्तिका होती. मी कॉलेजात शिकवत असे, म्हणून ती माझ्यापुढे आली.

"वाच बे मास्तर, काय म्हणतंय ते."

मी वाचून समजावलं. हात किती आणि कुठे हलला ते ओळखणारं यंत्र लेन्सच्या पोटात असतं. कॅमेरा जिकडे कलेल त्याच्या उलट ते आतली एक काच सरकवतं, त्यामुळे चित्र जागेवर राहतं.

"म्हंजी मी उजवीकडं गेलो की ती डावीकडं जाती?"

"हो."

"तुझ्या वहिनीसारखी हाय म्हण की!"

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. आत बारीकशी घरघर झाली. "आरं, थांबलं की!" तो म्हणाला आणि बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. मग विचारलं, "आन् कॅमेरा स्टँडवर लावल्यावर?"

पुस्तिकेची काही पानं उरली होती. मी ती उलटली नाहीत. इतकं छान समजावल्यावर 'थांब, बघून सांगतो' म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. म्हणालो, "चालूच ठेव. स्टँड आणि ही, दोन्ही मिळून आणखी पक्कं." ऐकायला ते इतकं शहाणपणाचं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला.

महिन्याभरात तेलगावच्या एका आडत व्यापाऱ्याची आई वारली. आमच्या लोकांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, आणि पुरण्यासाठी समाधीला नेण्याआधी फोटो काढून घेतात. त्या म्हातारीने आयुष्यात एकही फोटो काढू दिला नव्हता. दादा अशा वेळी फ्लॅश वापरत नसे. फ्लॅश मारला की विभूतीचा नुसता पांढरा डाग होतो, असं तो म्हणायचा. दारातून येणाऱ्या उजेडात, कॅमेरा स्टँडवर ठेवून, शटर मंद करून त्याने तिचे फोटो काढले.

रोल धुऊन आले तेव्हा मी स्टुडिओतच होतो. एकूण एक फोटो हललेला. भुवया दुहेरी, हाराच्या कडा दुहेरी, मागच्या भिंतीतला खिळासुद्धा दुहेरी. दादाने तो खिळा मला बोटाने दाखवला. म्हणजे कॅमेराच हलला होता.

व्यापारी फोटो न्यायला आला. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. त्याने पाकीट उघडलं, एकेक फोटो पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "आई तर हालली न्हाई. मंग कोण हाललं?"

कुणी हसलं नाही. दादाच्या तोंडाकडे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

व्यापारी गेल्यावर दादा मला म्हणाला, "बघ बरं त्या पुस्तकात. काही लिव्हलंय का?"

मी शेवटची पानं काढली. वाक्य ठळक होतं: कॅमेरा स्टँडवर असताना हे यंत्र बंद ठेवावे. का, ते मला पुढे एका मासिकात वाचून कळलं. कॅमेरा अगदी स्थिर असला की त्या काळच्या यंत्राचा गोंधळ होई. स्वतःचीच थरथर त्याला हाताची थरथर वाटे, आणि न झालेली हालचाल सावरायला ते काच सरकवत राही. पण त्या दिवशी 'का' कळायची गरजच नव्हती.

"काही नाही लिहिलेलं," मी म्हणालो.

दादा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. "मंग माजाच हात. बटण दाबताना धक्का बसला असंल."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला गाठलं. बाजारात त्यांच्या कानावर आलं होतं. "भावजी, खरं सांगा. पेले होते का हे?"

पुस्तिका तेव्हा माझ्या पिशवीत होती. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

नंतर कुणी दादाला असल्या कामाला बोलावलं नाही. लग्नांची कामंही हळूहळू सुटली. पासपोर्टचे फोटो तेवढे राहिले. त्याने मला कधी दोष दिला नाही. माझ्या ज्ञानाबद्दलचा त्याचा आदरही कमी झाला नाही, आणि तेच मला सोसवत नसे.

मागच्या आठवड्यात मी तेलगावला गेलो. व्यापारी आता म्हातारा झालाय. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाला म्हाईत होतं का हे?"

"नाही."

"आन् त्यांच्या घरात?"

"नाही."

"मंग सर, माझ्याकडं काहून आलात? मी त्या दिवशी एक वाक्य बोललो आन् घरी गेलो. त्या वाक्यासंगं घरात तर त्या बाई राहत होत्या."

तिथून मी तसाच दादाच्या घरी आलो. वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो, पुस्तिकेतल्या वाक्यासकट, माझ्या दोन्ही खोट्या उत्तरांसकट. त्या रागावतील असं वाटलं होतं.

"त्या दिवशी तेलगावाहून घरी आल्याबरोबर मी ह्यांचं तोंड हुंगलं होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "वास न्हवता. तरी मी म्हणलं, इलायची खाऊन आले असतील."

मग सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या. मी कितीतरी वेळ ओसरीवर बसून होतो. आतून त्यांनी मला बोलावलं नाही, आणि जा असंही म्हणाल्या नाहीत.