सरपंचाच्या उपरण्याची गाठ

सखूआक्का गेली हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. रेशनच्या मिलोचा, त्या तांबड्या परदेशी ज्वारीचा, डबा मी खाली ठेवला आणि गिरणीवाल्यानं चालू पट्टा थांबवला. एरवी तो कुणासाठी थांबवत नाही... "वहिनी, आक्का गेली वं पहाटं." साधा ताप, दोन-तीन दिवसांचा. डबा तिथंच टाकून मी पळाले.

आक्का गावची लेक. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली ती कायमचीच. आम्ही पडलो सुना. सुनेनं चावडीवरून जाताना पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि लेकीनं तिथंच उभं राहून भावाभाच्यांना फैलावर घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. आक्कानं त्या हक्काचं सोनं केलं. कुणी बाई "उद्या करते" म्हणाली की आक्का तिच्या पदराला गाठ मारायची. सोडायची तीच, काम झाल्यावर. माझ्या लेकीच्या बाळंतपणाची गोधडी मी अर्धी शिवून उतरंडीमागं सारली होती, तेव्हा माझ्याही पदराला गाठ आली. सासूबाई रोज विचारायच्या, "काय गं, सुपारी बांधलीस का पदरात?" शेवटी एका दुपारी आक्काच सुईदोरा घेऊन शेजारी येऊन बसली. "लई न्हाई, एक दोरा घाल. मंग बोल." एकाचे किती झाले ते कळलंच नाही... काम अवघड नसतंच हो, त्याच्यापाशी जाऊन बसणं अवघड असतं.

यंदाच्या दुष्काळात गावची विहीर खोल केली. सुरुंगाच्या हादऱ्यानं कठडा ढासळला. आम्ही बायका उघड्या काठावरून वाकून पोहरा ओढतो, आणि मागून दुसरीनं कमरेला धरायचं. दगड तिथंच पडलेले, गवंडी गावातलाच, तोही रिकामा. पण सरपंचाची सवड होईल तर शपथ! आज अमावस्या, उद्या कारखान्याची निवडणूक, परवा कुणी साहेब यायचेत. सरपंच आक्काचा सख्खा भाचा. एक दिवस तिनं चावडीवर त्याचं उपरणंच धरलं आणि टोकाला गाठ मारली.

"आत्या, चारचौघांत काय हे!"

"चारचौघांतच उद्या म्हनलास नव्हं? मंग गाठबी चारचौघांत."

"सोमवारी हात घालतो, तुझी शपथ."

"मला कशाला मारतूस रं? दगड उचल, गाठ सोडते."

चावडी हसली. सोमवारी खरंच काम लागलं, कारण आक्का काठावर एका सपाट दगडावर भर उन्हात ठाण मांडून बसली होती. ती बसली तोवर एका अंगाला गुडघाभर कठडा उभा राहिला. मग तिला ताप आला, आणि गवंडी घरी गेला तो गेलाच.

तेराव्याला सरपंच आले. "आक्का म्हणजे गावाची आई," म्हणून डोळे पुसले. कशानं पुसले? त्याच उपरण्यानं. स्वच्छ धुतलेलं, कडक इस्त्रीचं... आणि गाठ नाही! माझ्या अंगाची लाही झाली. अहो, कुणी सोडली ती गाठ? माणूस गेलं म्हणजे काम झालं का? आई म्हणायचं, गळा काढायचा, आणि आईच्या तोंडचा शब्द परटाच्या भट्टीत घालायचा! बरं, बाकीची पुरुषमाणसंही मान हलवत बुंदी खात बसली. एकाला लाज वाटली नाही.

परवा पाणी ओढताना माझ्या धाकट्या जावेचा काठावरून पाय निसटला. मी मागून धरलं होतं म्हणून वाचली. तिची कळशी खाली गेली, ती पाण्यात आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. तशीच ओल्या लुगड्यानं मी चावडीवर चढले.

"सरपंच, उपरणं इकडं करा."

"वहिनी, तुमी गावच्या सूनबाई. हे शोभतं का?" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"इहिरीत सुनाच पडत्यात, भावजी. लेकी तर सासरी गेल्या."

कुणी हसलं नाही. डोक्यावरचा पदर न ढळू देता मी उपरण्याचं टोक ओढून गाठ मारली. आक्कासारखी सुबक नाही जमली, पण घट्ट आहे. गवंड्याला बजावून आले आहे, सगळे दगड कठड्यात घाल, तेवढा काठावरचा सपाट दगड घेऊ नकोस. काम होईस्तोवर मला त्यावर बसायचं आहे.